चालीत न मावलेला विनोद : श्रीपाद कृष्ण कोल्हटकर

मराठीत विनोदी लेख रुजवणारा माणूस पेशाने वकील होता आणि त्याच्या वकिलीशी जोडलेले गाव पुणे किंवा मुंबई नव्हे, जळगाव जामोद. आपल्या खानदेशातले जळगाव वेगळे, हे बुलढाणा जिल्ह्यातले. सातपुडा मात्र तोच. नंदुरबारच्या उत्तरेची रांग पूर्वेकडे सरकत त्या गावापर्यंत जाते. नंदुरबारजवळच्या रनाळ्यात बसून श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) वाचताना हा शेजार मला फार जवळचा वाटतो. तालुक्याच्या ठिकाणी कज्जे लढवणाऱ्या या माणसाने महाराष्ट्राला हसायची नवी रीत दिली.

आज त्यांचे नाव निघालेच तर ते महाराष्ट्रगीताचे कवी म्हणून. शाळेत गीत पाठ होते, कवी विसरला जातो. त्यांच्या काळात मात्र ते सर्वप्रथम नाटककार होते. १८९६ साली किर्लोस्कर मंडळीने त्यांचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचा कानच बदलला. अण्णासाहेब किर्लोस्करांची पदे साकी, दिंडी, कीर्तनाच्या वळणांवर वाढलेली. कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीच्या चपळ, उडत्या चाली उचलल्या. पुढे ‘मूकनायक’, ‘गुप्तमंजूष’, ‘मतिविकार’ अशी नाटके आली. मद्यपान, स्त्रीशिक्षण, विधवांचा पुनर्विवाह असे जळते विषय त्यांनी वेषांतरे, रहस्ये आणि प्रेमकथा यांत गुंफून मांडले.

त्याच सुमारास इंग्लंडात असाच एक वकील नाटकांतून गाणी लिहीत होता. विल्यम गिल्बर्ट यांचा कोर्टात जम बसला नाही. ते विनोदी कवितांकडे आणि तिथून रंगभूमीकडे वळले. १८७५ साली त्यांनी लग्नाचे वचन मोडल्याचा एक अख्खा खटलाच गाण्यांतून रंगवला. आर्थर सलिव्हन यांच्या संगीतावर त्यांची १४ संगीतके झाली. त्यांतले शेवटचे १८९६चे, म्हणजे ‘वीरतनय’च्याच वर्षातले. गिल्बर्ट यांची गाणी आजही रंगमंचावर गायली जातात. कोल्हटकरांची नाटके कुणी करत नाही. बुद्धी दोघांचीही तल्लख, मग हा फरक का पडला?

माझ्या मते उत्तर कामाच्या पद्धतीत आहे. गिल्बर्ट आधी शब्द लिहीत आणि सलिव्हन त्या शब्दांच्या मापाने चाल बांधत. कोटी जिथे फुटायची, तिथे सूर तिला वाट देत. आपल्याकडे उलटे होते. जुन्या नाटकाचे पुस्तक उघडा, पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच गाण्याचे नाव छापलेले दिसेल. चाल आधी ठरलेली, शब्द नंतर तिच्यात बसवायचे. कोल्हटकरांसारख्या श्लेषप्रेमी माणसाला त्या तयार मापात कोंबून लिहावे लागले. पदे अवघड झाली, अर्थ गुदमरला. संवादांतही कोट्यांची इतकी दाटी झाली की पात्रे एकमेकांशी बोलण्याऐवजी बुद्धीचा फड लढवू लागली. १९११च्या ‘मानापमान’ने गोविंदराव टेंब्यांच्या चालींच्या जोरावर प्रेक्षकांना वेगळेच वेड लावले आणि कोल्हटकरांची पदे मागे पडली.

पण त्यांच्या विनोदाला गद्यात मोकळे रान मिळाले. १९०२च्या सुमारास ‘विविधज्ञानविस्तार’मध्ये त्यांचा ‘साक्षीदार’ हा लेख आला. विषय कोर्टातलाच, म्हणजे हातातल्या अनुभवातला. तिथून सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट उभे राहिले. आधी ‘अठरा धान्यांचे कडबोळे’, मग वाढत वाढत ३२ लेखांची ‘साहित्य बत्तिशी’. सगळे मिळून ‘सुदाम्याचे पोहे’. लग्नातला डामडौल, सणांतला आचरटपणा, मुहूर्त, शकुन, सोवळे यांतले एकेक ते हाती घेतात आणि वकिली युक्तिवादाने असे टोकाला नेतात की रूढीचा पोकळपणा आपोआप उघडा पडतो. शिवी नाही, उपदेशही नाही. हुंडा आणि मानपान ज्या गावांतून अजून गेलेले नाहीत, तिथल्या माणसाने हे लेख जरूर वाचावेत. शंभर वर्षांपूर्वीचा मांडव आपल्या ओळखीचा निघतो.

राम गणेश गडकरी त्यांना उघडपणे गुरू मानत. ‘बाळकराम’ या टोपणनावाने गडकऱ्यांनी लिहिलेला विनोद याच घरातला. वि. स. खांडेकरही त्यांना गुरुस्थानी मानणारे. चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. ही पुढची मंडळी ज्या वाटेने गेली, ती वाट कोल्हटकरांनी पाडलेली. १९२७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. याच माणसाने ज्योतिर्गणितावरही ग्रंथ लिहिला, हे सांगितले की लोकांना नवल वाटते.

नाटककार कोल्हटकर पुन्हा उभे राहतील असे मला वाटत नाही. सुदामा मात्र आजही ताजा आहे. या लेखनाचे स्वामित्वहक्क केव्हाच संपले आहेत. परवानगी नको, मानधन नको. रनाळ्यातल्या आणि आसपासच्या गणेश मंडळांना माझी विनंती आहे : पुढच्या वर्षी एका संध्याकाळी स्पीकरवरची गाणी तासभर थांबवा आणि ‘सुदाम्याचे पोहे’तला एक लेख मोठ्याने वाचा.