कढीपत्त्यावरची अळी आणि मॅक्रो लेन्स

बागेतल्या किड्या-कोळ्यांचे फोटो काढताना सगळ्यात जास्त चणचण भासते ती फोकसमधल्या खोलीची. खरी मॅक्रो लेन्स किड्याची प्रतिमा सेन्सरवर त्याच्या मूळ आकाराइतकी उमटवते. फुल फ्रेम कॅमेऱ्यात इतक्या जवळून एफ/८ ला जेमतेम १ मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. कोळ्याचे डोळे टिपले की पाय धूसर. ॲपर्चर आणखी बारीक करावे, तर एफ/१६ हे या अंतरावर एफ/३२ सारखे वागते आणि विवर्तनामुळे सगळेच चित्र मऊ पडते. त्यापेक्षा थोडे मागे सरकलेले बरे. प्रतिमा निम्म्या आकाराची घेतली, तर एफ/८ लाच ही खोली ३ मिलिमीटरच्या आसपास जाते. उरलेली कसर नंतर क्रॉप करून भरून काढता येते.

कॅमेरा कोणत्या कोनातून धरला, यावर निम्मे काम अवलंबून असते. पंख मिटून बसलेले हळदीकुंकू फुलपाखरू बरोबर बाजूने, पंखांना समांतर टिपले, तर पंखांच्या खालच्या बाजूचा पिवळा आणि लाल रंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेखीव येतो. उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या समोर मात्र त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावे लागते. त्याला आठ डोळे असतात. पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांवर फोकस असला, की बाकीचे धूसर झालेले खपते. शिवाय तो स्वतःच वळून लेन्सकडे बघतो, ही त्याची मोठीच मेहेरबानी.

सकाळी ऊन चढण्याआधी कीटकांचे अंग गार असते, त्यामुळे ते फारशी हालचाल करत नाहीत. वाराही बहुधा पडलेला असतो. काही जण किडे फ्रिजमध्ये गारठवून हाच परिणाम साधतात. तो सरळ सरळ छळ आहे आणि अवघडलेल्या पायांवरून तो फोटोत कळतोही. प्रकाश कमी पडतो तिथे फ्लॅश वापरतात, पण त्यावर डिफ्यूझर हवाच, नाहीतर भुंग्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा ठिपका तेवढा उरतो. १०० मिलिमीटरची लेन्स किडा आणि काच यांच्यात साधारण १३-१४ सेंटीमीटर जागा ठेवते. मोबाइलला लावायच्या क्लिप लेन्ससाठी मात्र किड्याला जवळजवळ खेटावे लागते. तो बिचकतो आणि वर सावलीही पडते.

संपादनाची सुरुवात रॉ फाइलपासून करावी. झाडाखालच्या फोटोंवर पानांची हिरवी झाक चढते. आधी व्हाइट बॅलन्स सुधारून ती काढायची. लिंबावर किंवा कढीपत्त्यावर वाढणारी कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाली की हिरवी होते. तिचा हिरवा रंग भडक केला, की ओळख पटवणाऱ्या बाजूच्या तिरप्या पट्ट्या त्यात बुडून जातात. शार्पनिंग फक्त किड्यापुरते ठेवावे. ते पार्श्वभूमीवरही चालवले, तर तिथे रवाळपणा उमटतो.

खोली वाढवण्याचा शेवटचा उपाय म्हणजे फोकस स्टॅकिंग. फोकस थोडा थोडा पुढे सरकवत अनेक फोटो घ्यायचे आणि त्यांतले स्पष्ट भाग हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे. मधेच मिशी हलली, तर जोडचित्रात एकीच्या दोन होतात. अशा वेळी एखाद्या मूळ फोटोतली मिशी हाताने त्या जागी बसवावी लागते.