वडधमचा दगड आणि दहावीचं पुस्तक

दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान'च्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा आहे. त्यात जीवाश्मांचे पुरावे येतात आणि वय ठरवण्याची रीत म्हणून कार्बन-14 येतो. गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यातल्या मुलांपुढे हा धडा आला की एक गंमत होते. त्यांच्या तालुक्यात वडधमचं जीवाश्म उद्यान आहे, दगड झालेली झाडाची खोडं तिथे प्रत्यक्ष पाहता येतात. पण पुस्तकातली रीत त्या खोडांना लागूच पडत नाही. कार्बन-14 चं अर्धायुष्य सुमारे 5,730 वर्षांचं. दहा अर्धायुष्यं, म्हणजे 57 हजार वर्षं उलटली की मूळच्या 1,024 भागांतला एक भाग उरतो. या परिसरातल्या 'कोटा' नावाच्या खडकांच्या थराचं वय सुमारे 18 कोटी वर्षं धरलं तर अर्धायुष्यं होतात 31 हजारांहून जास्त. मोजायला काहीच शिल्लक नाही. मग हे वय कळलं कसं, असं वर्गातल्या एखाद्या मुलीने विचारलं, तर त्या क्षणी विज्ञान सुरू झालं असं म्हणता येईल. सिरोंचासारख्या ठिकाणी विज्ञान, ऊर्जा आणि पर्यावरण हे तिन्ही विषय अशाच प्रश्नांवर उभे करावेत, कारण इथे त्यांचे पुरावे दाराशी आहेत. आज त्या जागी मुलांना बहुतेक वेळा मिळतो तो उपदेश: झाडे लावा, पाणी वाचवा, वीज जपून वापरा.

या पुराव्यांची यादी मुंबई-पुण्याच्या शाळांना हेवा वाटावा अशी आहे. 'कोटा' हे थराचं नाव सिरोंचाजवळच्या, प्राणहितेच्या काठावरच्या कोटा गावावरून पडलं. तिथल्या चुनखडीत सापडलेल्या माशांचं वर्णन 1851 च्या सुमारास लंडनमध्ये छापून आलं. याच खोऱ्यात, पोचमपल्ली गावाजवळ, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी 1960-61 मध्ये सुमारे तीनशे हाडं खणून काढली. तो डायनासोर बारापासॉरस टागोरी, म्हणजे 'मोठ्या पायाचा'. खोदकामाच्या वेळी रवींद्रनाथांची जन्मशताब्दी होती म्हणून पुढचा शब्द त्यांच्या नावाचा. आणि ज्या प्राचीन महाखंडाचं नाव जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत आहे ते गोंडवन, ते तर गोंडांच्या मुलखाचंच नाव. माडिया-गोंड मुलाला दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि अंटार्क्टिका एकेकाळी जोडलेले होते हे शिकवताना त्या जोडलेल्या भूमीला त्याच्याच लोकांचं नाव आहे, एवढं जरी सांगितलं तरी पाठांतराची निम्मी मरगळ जाईल.

इथून ऊर्जेकडे जायला फार लांब जावं लागत नाही. कोटा थराच्या खाली, त्याहून जुन्या थरांत, याच गोंडवनी खडकांमध्ये कोळसा आहे. उत्तरेला चंद्रपूर-बल्लारपूरच्या खाणी, दक्षिणेला गोदावरीपलीकडे सिंगरेणीच्या. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट आहे. 'हरित ऊर्जेच्या दिशेने' या धड्यात कोळसा, वाफ, टर्बाइन, जनित्र ही साखळी आकृतीसह आहे, पण साखळीतला हिशेब मुलांकडून करून घेतला जात नाही. तो अवघड नाही. आपल्याकडचा सर्वसाधारण कोळसा किलोमागे सुमारे 4,000 किलोकॅलरी उष्णता देतो असं धरा. ती साडेचार युनिट विजेहून थोडी जास्त भरते. केंद्रात त्यातली जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची वीज होते, म्हणजे किलोला दीड युनिट. बाकीची उष्णता जाते कुठे? काही धुराड्यातून हवेत, बरीचशी थंड करायच्या पाण्यातून. त्या कोळशात 40 टक्के कार्बन धरला, तर 44 भागिले 12 हे रसायनशास्त्राचं साधं गुणोत्तर एका किलोमागे जवळपास दीड किलो कार्बन डायऑक्साइड दाखवतो. म्हणजे युनिटमागे एक किलो, ढोबळमानाने. घरातलं वीजबिल वर्गात आणलं की त्यावरचा आकडा एकदम जड वाटू लागतो. 'वीज वाचवा' असं वेगळं सांगायची गरज राहत नाही, आणि सिरोंच्याच्या खेड्यातलं बिल नागपूरच्या फ्लॅटच्या बिलाशी ताडून पाहिलं तर नेमकं कोणी वाचवायचं हा प्रश्नही मुलं विचारतीलच. विचारू द्यावा.

नदीचंही तसंच. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंचाला गोदावरीत मिसळते. गोदावरीच्या पाणलोटाचा सुमारे एक तृतीयांश भाग एकट्या प्राणहितेचा आहे. नागपूरची नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेत जाते, चंद्रपूरची इरई वर्धेत. विदर्भाने नदीत जे सोडलं त्याची शेवटची सही इथे होते. बाटलीभर पाणी स्थिर ठेवून तळाचा गाळ मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. दर आठवड्याला नोंद ठेवायला वही लागते आणि चिकाटी.

आता आक्षेपांकडे. पहिला सगळ्यात वजनदार आहे: बोर्डाची परीक्षा साऱ्या राज्याला एकच, त्यात वडधम येत नाही. हे खरं आहे आणि पोरांचे गुण पणाला लावून प्रयोग करू नयेत. पण वर केलेला कोणताही हिशेब अभ्यासक्रमाबाहेरचा नाही; अर्धायुष्य, कार्यक्षमता, रेणुभार हे सगळं पुस्तकातच आहे, उदाहरण तेवढं बदललं. मध्य प्रदेशात 1972 साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाने सरकारी शाळांमध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवलं आणि परीक्षेत पुस्तक उघडं ठेवू दिलं. तीस वर्षं तो चालला. 2002 मध्ये तो बंद झाला तो सरकारच्या आदेशाने. खेड्यातल्या मुलांना हे झेपत नाही, असं मात्र त्या तीस वर्षांतून कुठेच दिसत नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा. घरी तेलुगू किंवा माडिया, शाळेत मराठी, त्यात हे नवं ओझं कशाला? उलट मोजमाप हीच अशी जागा आहे जिथे भाषा आडवी येत नाही. मोहाला इप्पा म्हणा, तेंदूला तुनिकी म्हणा, झाडाचा घेर सेंटीमीटरमध्ये तोच येतो. मोह मार्च-एप्रिलमध्ये गळतो तेव्हा फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि तोच वणवा पुढे पसरतो. 'वणवा लावू नका' हा फलक वर्षानुवर्षं उभा आहे. त्यापेक्षा एका झाडाखाली जाळी आणि दुसऱ्याखाली झाडून साफ केलेली जमीन, अशी दोन झाडं निवडून वजन, वेळ, मातीची ओल यांची तुलना मुलांनी केली, तर निदान आपण कशाबद्दल बोलतो आहोत हे घरातल्या मोठ्यांनाही कळेल. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 'अभ्यास गट' ही गोष्ट प्रौढांमध्ये रुजवली आणि 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. निर्णयाआधी अभ्यास, हा संस्कार याच जिल्ह्यातला आहे. शाळेने तो उसना आणायची गरज नाही.

तिसरा आक्षेप कुजबुजत घेतला जातो: यातून वाद ओढवतील. मेडीगड्डाचं नाव सिरोंच्यात सहज घेण्यासारखं नाही. तेलंगणाच्या कालेश्वरम प्रकल्पाचा गोदावरीवरचा हा बंधारा 21 जून 2019 रोजी सुरू झाला, त्याला 85 दरवाजे, साठा 16.17 टीएमसी. त्याच्या फुगवट्यामुळे जमिनी जातात म्हणून इथले शेतकरी उपोषणाला बसले. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे काही खांब खचले, आणि राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने पायाखालची वाळू वाहून गेल्याकडे बोट दाखवलं. शिक्षकाने यात बाजू घ्यावी असं कोणी म्हणत नाही. पण मातीच्या भांड्यात वाळू, तिच्यावर वीट, एका बाजूला पाणी चढवलं की विटेखालून काय निघतं, हे बघणं म्हणजे राजकारण नव्हे. शिवाय बंधाऱ्याची कमाल पाणीपातळी समुद्रसपाटीपासून 100 मीटर ठरलेली आहे. गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी घेऊन, उंची ठाऊक असलेल्या एका खुणेपासून मुलं टप्प्याटप्प्याने शेतांपर्यंत पातळी नेऊ शकतात. दोन टोकांचं पाणी समान राहतं हे तत्त्व त्यांनी आधीच पाठ केलेलं असतं.

एक आक्षेप मात्र मान्यच करायला हवा. स्वस्तात होणारे हे प्रयोग दाखवून कोणी म्हणेल की मग सिरोंचाला प्रयोगशाळा कशाला, रिक्त पदं भरायची घाई कशाला. सूक्ष्मदर्शकाशिवाय खोडाच्या दगडातली पेशींची रचना दिसत नाही, आणि विज्ञानाचा शिक्षक नसेल तर नळी धरायची कशी हेही कोणी सांगणार नाही. जिल्हा मुख्यालयापासून दोनशे किलोमीटरवरच्या तालुक्यात ही दोन्ही कामं सरकारची आहेत. तोवर जुलै 2022 च्या पुराने भिंतींवर सोडलेल्या रेषा अजून पुसल्या गेल्या नसतील, तर त्यांची उंची यंदाच्या पावसाळ्याआधी वहीत उतरवून ठेवता येईल. रंगरंगोटी झाली की त्या जातील.