मोडीला ग्रंथ मिळाला नाही

पंजाबातल्या सावकारी लिप्यांचे वेड मला लागले ते कोल्हापुरातच. करवीर संस्थानचे मोडी दप्तर इथल्या पुराभिलेखागारात आहे. मोडी वाचू लागलो आणि तिची पंजाबातली भावंडे शोधू लागलो. तिकडची लंडे लिपी मोडीसारखीच घाईची, हिशेबाची. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. लंड्यात तर काना-मात्राही बहुधा गाळलेल्या. तिच्याच घराण्यातल्या महाजनीचा किस्सा सांगतात: ‘बाबू अजमेर गये’ हा पेढीवरचा निरोप घरच्यांनी ‘बाबू आज मर गये’ असा वाचला आणि रडारड सुरू झाली.

सोळाव्या शतकात गुरू अंगददेवांनी याच कुळातल्या अक्षरांना पूर्ण मात्रा देऊन वळण लावले. ती गुरुमुखी. १६०४ मध्ये आदिग्रंथ तिच्यात सिद्ध झाला आणि आपल्या नामदेवांची ६१ पदे त्यात आली. पंजाबीच्या माझी, दोआबी, मालवई या बोलींच्या तपशिलात शिरत नाही. एवढेच सांगतो, की गुरुमुखी घ, ध, भ लिहिते, पण पंजाबी माणूस शब्दारंभी त्यांच्या जागी क, त, प उच्चारून खालचा सूर लावतो. २०१५ चे मराठी साहित्य संमेलन झाले ते पंजाबातले घुमान तिथल्या तोंडी ‘कुमाण’च्या जवळ जाते. सीमेपलीकडे हीच भाषा फारसी वळणाच्या शाहमुखीत लिहितात.

आपण मात्र पोथी बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, आणि दप्तर मोडीत अशी वाटणी केली. माझ्या मते मोडी हरली ती इथे.

तिला एक संधी मिळाली होती, तीही दूर बंगालात. श्रीरामपूरच्या मिशनरी विल्यम कॅरीने १८०५ मध्ये मराठी व्याकरण नागरीत छापले, पण १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांत. त्याच्या मदतीला पंडित होते वैजनाथ शर्मा, फोर्ट विल्यम कॉलेजातले. त्यांची ‘सिंहासनबत्तिशी’ही १८१४ मध्ये मोडीतच छापली गेली. आपल्या वाङ्मयेतिहासात या माणसाला चार ओळींपलीकडे जागा नाही, याची मला खंत वाटते. त्याच कॅरीने १८१२ मध्ये पंजाबी व्याकरणही काढले. म्हणजे दोन्ही भाषा एकाच छापखान्यातून गेल्या. पंजाबीत गुरुमुखी पुढे टिकली, कारण तिच्यामागे ग्रंथ होता. मुंबईत १८३१ चा मोल्सवर्थचा कोश देवनागरीत आला आणि छापील मराठी बालबोधीची झाली. मोडी हस्ताक्षरापुरती उरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळांतूनही गेली.

२०१४ मध्ये मोडी आणि महाजनी या दोघींना युनिकोडमध्ये एकाच वेळी जागा मिळाली. खिळे पुन्हा आले, वाचणारे नाहीत. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी जाणकारांची चणचण साऱ्या महाराष्ट्राला कळली. जमिनीचे, इनामाचे, वतनाचे आपले कागद याच लिपीत आहेत. तुमच्या माळ्यावरच्या पेटीत असे कागद असतील तर रद्दीत घालू नका. आधी मोडी जाणणाऱ्याला दाखवा, आणि घरातल्या एकाला तरी मोडी शिकायला पाठवा.