‘फास्ता’ : उत्तरेकडचा उपवास

‘उपवास’ या संस्कृत शब्दात अन्नाचा उल्लेख नाही. जवळ राहणे, एवढाच त्याचा धात्वर्थ. जैन आचार्यांनी हे सान्निध्य आत्म्याचे मानले. युरोपच्या उत्तरेतील भाषांतही उपवासाचे नाव असेच अन्नावाचून घडले आहे. स्वीडिश आणि आइसलँडिक भाषांत उपवासाला ‘फास्ता’ म्हणतात. डॅनिश व नॉर्वेजियन भाषांत ‘फास्ते’. मुळात ‘फास्त’ म्हणजे घट्ट, पक्के, न हलणारे. स्थावर मालमत्ता, किल्ला, वाङ्‌निश्चय झालेला वर, या साऱ्यांचे स्वीडिश शब्द याच मुळाचे. चौथ्या शतकात बिशप वुल्फिला याने या भाषांच्या नात्यातील गॉथिक भाषेत बायबल उतरवले. त्या गॉथिकमध्ये ‘फास्तान’ हे क्रियापद ‘राखणे, पाळणे’ आणि ‘उपवास करणे’ अशा दोन्ही अर्थांनी येते. नियम घट्ट धरणे, तोच उपवास. मराठीतही उपवास ‘धरतात’, हे येथे सहज आठवते.

मध्ययुगात ईस्टरपूर्वीचे ४० दिवस तेथे मांस वर्ज्य असे. मासळी मात्र चाले. जैन वाचकाला हा संयम अपुराच वाटेल. पुढे १५२७ मध्ये वेस्टेरोस येथे भरलेल्या सभेनंतर स्वीडन लूथरच्या मार्गाकडे वळले. उपवासाने पुण्य जोडता येते, हे लूथरला मान्य नव्हते. सक्तीचा उपवास हळूहळू मावळला आणि उरली ती उपवासापूर्वीची मेजवानी. स्वीडनमध्ये त्या मंगळवारी ‘सेम्ला’ खातात : वेलदोडा घातलेला गोड पाव, आत बदामाचे सारण, वर फेटलेली साय. १७७१ साली नेमक्या त्याच मंगळवारी राजा अडॉल्फ फ्रेडरिक जड भोजनानंतर मरण पावला. भोजनाची सांगता याच पावाने झाली होती, असे सांगतात. डेन्मार्कमध्ये या सणाचे नावच ‘फास्तेलाव्न’, म्हणजे उपवासाची पूर्वसंध्या. मुले सोंगे घेतात, टांगलेले पिंप काठीने फोडतात, मिठाई खातात. पूर्वसंध्या दरवर्षी येते. तिच्यामागून येणारा उपवास बहुतेक घरांत पाळलाच जात नाही.

शब्द मात्र कामाचा राहिला आहे. रक्ततपासणीपूर्वी उपाशी राहण्यासाठी स्वीडनमध्ये तोच वापरतात, आणि तेथील मुस्लिम कुटुंबांच्या रमजानलाही ‘फास्ता’चाच महिना म्हणतात.