आकडा उतरला, आता परजीवी कोणता, ते विचारा

2025 चा 20 ऑगस्ट, म्हणजे जागतिक डास दिन, देशी लशीच्या चर्चेत गेला. भुवनेश्वरच्या आयसीएमआर केंद्रात तयार झालेली ‘अॅडफाल्सिवॅक्स’ ही हिवतापावरची लस तेव्हा उत्पादकांकडे सोपवण्याच्या टप्प्यावर आली होती. हिवतापाचे सरकारी आकडेही दिलासा देणारे आहेत. 2015 मध्ये देशात 11 लाख 69 हजार रुग्ण होते, ते 2023 मध्ये 2 लाख 27 हजारांवर आले. हिवतापाचा सर्वाधिक भार वाहणाऱ्या देशांच्या गटातून 2024 मध्ये भारत बाहेर पडला. ही कमाई मोठी आहे आणि ती आशा कार्यकर्तींच्या, रक्ताच्या काचा गोळा करणाऱ्या हिवताप कर्मचाऱ्यांच्या पायपिटीतून आलेली आहे. पण हे सगळे आकडे रुग्णांचे आहेत. त्यांच्या रक्तात कोणत्या वाणाचा परजीवी होता, कोणतं औषध त्याला लागू पडत होतं आणि तो आला कुठून, हे त्या आकड्यांत कुठेच नाही. रुग्ण कमी होत असताना हेच प्रश्न सर्वांत जास्त महत्त्वाचे ठरतात, असं माझं ठाम मत आहे.

सीमेलगतच्या एका गावावरून हे प्रश्न पाहू. भैंसा हे गाव तेलंगणाचं. 2016 मध्ये आदिलाबाद जिल्ह्याची फोड झाली आणि ते निर्मल जिल्ह्यात गेलं. बाजारात, जिनिंगमध्ये, दवाखान्याच्या रांगेत इथे मराठी सहज कानावर पडते. कल्याणहून निघालेला 61 क्रमांकाचा महामार्ग नांदेड, भोकर करत इथूनच निर्मलकडे जातो. एका अंगाला मराठवाडा, दुसऱ्या अंगाला उटनूरकडचा गोंडांचा डोंगराळ मुलूख, आणि आणखी पूर्वेला गेलं की गडचिरोली, महाराष्ट्रात हिवतापाचा सर्वांत जुना आणि चिवट बालेकिल्ला. कापसाच्या हंगामात मजूर या पट्ट्यात इकडून तिकडे जातात. ताप नसतानाही परजीवी रक्तात राहू शकतो, त्यामुळे तोही माणसांबरोबर फिरतो. मजुराकडे संशयाने पाहा, असा याचा अर्थ मुळीच नाही. आजाराचा पहिला मार त्यालाच बसतो. अर्थ इतकाच, की दोन राज्यांच्या दोन वेगळ्या रजिस्टरांत विभागलेला हा परजीवी प्रत्यक्षात एकच आहे.

या परजीवीची निम्मी कथा आपल्याच रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला उलगडली. भैंशाजवळच्या बासर स्टेशनावरून गाडी सरळ सिकंदराबादला जाते. तिथे, बेगमपेठला, 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांनी एका डासाचं पोट उघडलं. हुसेन खान नावाच्या रुग्णाने डासामागे एक आणा घेऊन स्वतःला चावून घेतलं होतं, त्यांतलाच तो डास. त्याच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना काही गोल पेशी दिसल्या आणि त्या पेशींत काळे कण. माणसाच्या रक्तातल्या परजीवीत असेच काळे कण असतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्या कणांवरूनच त्यांनी परजीवी ओळखला. 1902 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

या काळ्या कणांपाशी जरा थांबायला हवं, कारण पुढची शंभर वर्षं औषधांची लढाई त्यांच्याभोवतीच चालली. परजीवी तांबड्या पेशीत शिरतो आणि हिमोग्लोबिन खातो. त्यातून लोहयुक्त ‘हीम’ उरतं, जे परजीवीला विषारी असतं. म्हणून तो त्याचे घट्ट स्फटिक करून ठेवतो. तेच ते काळे कण. क्लोरोक्विन नेमकं हे स्फटिक होऊ देत नाही आणि परजीवी स्वतःच्याच विषाने मरतो. स्वस्त, सुरक्षित, कडू, घराघरांत माहीत असलेली ही गोळी कित्येक वर्षं पुरली. मग परजीवीने तोड काढली. त्याच्या अन्न पचवणाऱ्या पोकळीच्या भिंतीत एक प्रथिन असतं. त्या प्रथिनाच्या जनुकात, ‘पीएफसीआरटी’मध्ये, बदल झाले. त्यांतला कळीचा बदल 76 व्या स्थानावरचा. त्यामुळे ते प्रथिन क्लोरोक्विनला आत साठूच देईना, बाहेर काढू लागलं. भारतात क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम जातीचा परजीवी पहिल्यांदा 1973 मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँग भागात आढळला. हे जनुक मात्र शास्त्रज्ञांच्या हाती लागलं ते 2000 मध्ये. सत्तावीस वर्षं आपण चोराचा माग काढत होतो, पण त्याचा चेहरा माहीत नव्हता.

जनुक वाचता येऊ लागल्यावर जे दिसलं ते विलक्षण आहे. भारताच्या बहुतेक भागांत या जनुकाचा जो प्रकार पसरलेला आहे, त्याला ‘एसव्हीएमएनटी’ म्हणतात. थायलंड-कंबोडियाकडून आफ्रिकेत गेलेला प्रकार याहून वेगळा. आजूबाजूच्या जनुकीय खुणा तपासल्या तेव्हा भारतातल्या या प्रकाराचं नातं पापुआ न्यू गिनीकडच्या परजीवींशी जुळलं. औषधाला न जुमानणारा परजीवी प्रत्येक गावात नव्याने जन्मत नाही. तो बहुतेकदा प्रवास करून येतो आणि त्याच्या जनुकांत त्या प्रवासाची नोंद राहते.

मलावीचा अनुभव याहून मोलाचा आहे. त्या देशाने 1993 मध्ये क्लोरोक्विन बंद केलं. काही वर्षांतच प्रतिकार करणारा प्रकार तिथून जवळजवळ नाहीसा झाला आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्लोरोक्विन पुन्हा 99 टक्के गुणकारी ठरलं. प्रतिकाराचं ओझं परजीवीलाही परवडत नाही. औषधाचा दाब हटला की तो ते टाकून देतो. मग भारतात असं का घडलं नाही? कारण आपल्याकडे फाल्सिपेरमच्या सोबतीला हिवताप परजीवीची दुसरी जात, व्हायव्हॅक्स, आहे आणि व्हायव्हॅक्सवर आजही क्लोरोक्विनच देतात. तोच डास, तीच वस्ती, कधी कधी तोच रुग्ण. दाब हटलेलाच नाही.

आता पुन्हा डासाच्या पोटाकडे. माणसाच्या रक्तात परजीवी नुसता एकाचे अनेक होत वाढतो, प्रत्येक जनुकाची एकच प्रत घेऊन. नर-मादीचं मीलन आणि जनुकांची सरमिसळ होते ती डासाच्या पोटात, आणि त्या मीलनाचं फळ म्हणजेच रॉस यांनी पाहिलेल्या त्या गोल पेशी. डासाने शोषलेल्या रक्तात दोन वेगळे वाण असतील तर नवी पिढी दोघांच्या जनुकांचं मिश्रण घेऊन बाहेर पडते. आफ्रिकेच्या अनेक भागांत एकाच माणसात अनेक वाण नांदतात, त्यामुळे ही सरमिसळ अखंड चालते आणि प्रतिकारासाठी जुळून आलेली जनुकं पुन्हा विखुरतात. जिथे हिवताप कमी, तिथे बहुधा एका रुग्णात एकच वाण. त्याची जनुकं जशीच्या तशी पुढे जातात. शिवाय तिथल्या लोकांची प्रतिकारशक्ती कमी असते, लागण झालेला बहुतेक जण आजारी पडतो आणि औषध घेतो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक परजीवीची गाठ औषधाशी पडते. प्रतिकाराने वारंवार आग्नेय आशियाच्या कमी लागणीच्या भागांतच डोकं का वर काढलं, याचं हे एक कारण शास्त्रज्ञ देतात.

भारत आज नेमक्या त्याच अवस्थेकडे चालला आहे. रुग्ण कमी होणं हे यश आहे आणि तीच जागरूकता वाढवण्याची वेळ आहे. आकडे उतरले म्हणून कर्मचारी कमी करण्याचा, तपासण्या आवरत्या घेण्याचा मोह सरकारांना होतो. हे आपण एकदा भोगलं आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला देशातले रुग्ण लाखाच्या आत आले होते. 1976 मध्ये ते 64 लाखांच्या पुढे गेले.

फाल्सिपेरमवर आज आपली भिस्त आर्टेमिसिनिनवर आहे, एका जोड औषधासह. 2013 च्या राष्ट्रीय धोरणात ईशान्येकडच्या राज्यांसाठी ल्युमेफॅन्ट्रिनची जोड ठरली आणि उर्वरित देशासाठी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची. ईशान्येत हा बदल करावा लागला, कारण तिथल्या परजीवीच्या ‘डीएचएफआर’ आणि ‘डीएचपीएस’ या दोन जनुकांत इतके बदल साठले होते, की सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन हे जोड औषध लंगडं पडलं. जोड लंगडी पडली की सगळा भार आर्टेमिसिनिनवर येतो. त्याच्या प्रतिकाराची खूण ‘केल्च 13’ या जनुकात आहे, हे कंबोडियातल्या परजीवींवरून 2014 च्या सुमारास कळलं. 2018 मध्ये पश्चिम बंगालच्या रुग्णांतही या जनुकातले बदल आणि औषधाचा मंदावलेला परिणाम नोंदला गेला. पुढे रवांडा आणि युगांडात हे बदल तिथल्याच मातीत उगवलेले सापडले. बंगालचा तो इशारा छोटा होता, पण तो ऐकून सोडून देण्यासारखा नक्कीच नव्हता.

तपासणीचं काय? आज खेड्यात बोटाला टोचून किट लावतात आणि पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. या किटने फार मोठं काम केलं आहे. मात्र फाल्सिपेरमसाठी ती ‘एचआरपी-2’ हे एकच प्रथिन शोधते, आणि काही परजीवींत ते तयार करणारं जनुकच गळून गेलेलं असतं. अशा रुग्णाला फाल्सिपेरम असूनही किट ‘नाही’ म्हणते. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेतले प्रवीण भारती, नीरू सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ राज्यांतले 1,521 फाल्सिपेरम रुग्ण तपासले, तेव्हा 36 जणांत, म्हणजे 2.4 टक्क्यांत, हे जनुक नव्हतं. 2016 मध्ये तो अभ्यास छापून आला. याच कारणाने एरिट्रियाला त्याच वर्षी देशभरची किट बदलावी लागली. प्रमाण 5 टक्क्यांवर गेलं की किट बदला, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण प्रमाण कळण्यासाठी आधी कुणीतरी ते मोजत राहिलं पाहिजे. उलट दोषही आहे: हे प्रथिन बरं झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं, त्यामुळे जुन्या तापावर नवा उपचार होतो.

इथे परजीवीचा डीएनए शोधणारा पीसीआर कामी येतो. चांगल्या तंत्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रोलिटरमागे पन्नास-शंभर परजीवी असले तर दिसतात. पीसीआरला एक-दोन पुरतात. 1993 मध्ये जॉर्ज स्नूनू आणि सहकाऱ्यांनी बसवलेली दोन टप्प्यांची पद्धत अजून जगभर वापरात आहे: पहिल्या टप्प्यात हिवतापाचा परजीवी आहे का, दुसऱ्यात कोणता. फाल्सिपेरमचा डीएनएचा तुकडा 205 अक्षरांचा, व्हायव्हॅक्सचा 120 चा. जेलवर पट्टे वेगळे पडतात. दोन्ही मिळून झालेली मिश्र लागण काचेवर हमखास निसटते, ती इथे पकडली जाते. आणि निसटलेला व्हायव्हॅक्स म्हणजे यकृतात दडून राहिलेला परजीवी, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप.

जनुकीय विविधतेचा सर्वांत व्यावहारिक उपयोग मात्र फारसा कुणी सांगत नाही. समजा, फाल्सिपेरमचा रुग्ण औषध घेऊन बरा झाला आणि पंचविसाव्या दिवशी पुन्हा तापाने फणफणला. औषध हरलं, की नवा डास चावला? ‘एमएसपी-1’, ‘एमएसपी-2’ आणि ‘ग्लर्प’ ही जनुकं वाणागणिक इतकी वेगळी असतात, की पहिल्या दिवसाचं रक्त आणि पंचविसाव्या दिवसाचं रक्त शेजारी ठेवलं की उत्तर मिळतं. वाण तोच निघाला तर औषध हरलं. ही तुलना केली नाही तर औषधाचं अपयश डासाच्या खात्यावर मांडलं जातं.

लशीचंही भवितव्य याच विविधतेशी बांधलेलं आहे. आफ्रिकेत दिल्या गेलेल्या ‘आरटीएस,एस’ लशीतलं प्रथिन ‘3डी7’ या प्रयोगशाळेतल्या वाणाचं. तो वाण ज्या परजीवीपासून काढला, तो नेदरलँड्समध्ये शिपोल विमानतळाजवळ राहणाऱ्या एका रुग्णाच्या रक्तातला. तो रुग्ण देशाबाहेर गेलाच नव्हता. लहान मुलांमध्ये या लशीचं वर्षभराचं संरक्षण तपासलं, तेव्हा लशीशी जुळणाऱ्या परजीवींविरुद्ध ते सुमारे 50 टक्के होतं आणि न जुळणाऱ्यांविरुद्ध सुमारे 33 टक्के. अॅडफाल्सिवॅक्सचं मी मनापासून स्वागत करतो. माणसातली लागण आणि डासातली वाढ, दोन्ही रोखण्याचा तिचा विचार उत्तम आहे. पण उटनूर, किनवट, भामरागडचे परजीवी तिच्याशी किती जुळतात, हे लस टोचण्याआधी पाहायला हवं.

साधनं आपल्याकडे आहेत. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट यंत्र क्षयाच्या तपासणीसाठी देशभरच्या सरकारी दवाखान्यांत बसवलं आहे आणि त्याची हिवतापाची चिपही निघालेली आहे. प्रतिकाराची जनुकं ते वाचत नाही. त्यासाठी फिल्टर पेपरवर वाळवलेला रक्ताचा थेंब मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. या थेंबाला बर्फाची पेटी लागत नाही, तो पाकिटातून जातो. हैदराबादला जनुकक्रम वाचणारी सीसीएमबी ही संशोधन संस्था आहे. कोविडमध्ये इन्साकॉगच्या जाळ्यातून विषाणूचे जनुकक्रम राज्याराज्यांतून वाचले गेले. हिवतापासाठी तसं कायमचं, दोन्ही राज्यांना जोडणारं जाळं का नसावं, याला मला एकही पटणारं कारण दिसत नाही. निर्मल, आदिलाबाद, नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतल्या प्रत्येक फाल्सिपेरम रुग्णाचा एक थेंब कागदावर घ्यावा, एकाच ठिकाणी वाचावा आणि निकाल दोन्ही राज्यांच्या हिवताप अधिकाऱ्यांना एकाच दिवशी मिळावा. तेलंगणा आणि महाराष्ट्र सरकारांकडे ही माझी मागणी आहे.

वाचकांकडे दुसरी. थंडी वाजून ताप आला तर दुकानातून गोळी आणून घेऊ नका, सलाईन लावून मोकळे होऊ नका. आधी रक्त तपासा. फाल्सिपेरम निघाला तर तीन दिवसांची औषधं पूर्ण घ्या. व्हायव्हॅक्स निघाला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रायमाक्विनचे चौदाही दिवस पूर्ण करा, चौथ्या दिवशी ताप उतरला असला तरी. आणि औषध घेऊनही महिनाभरात ताप परतला, तर पुन्हा सरकारी दवाखान्यात जा आणि ‘मागच्या महिन्यात हिवतापाचा उपचार झाला होता’ हे न विसरता सांगा.