उसाच्या खेपा आणि संगणकाची भाषा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील शाळांत ऊस कोणाला समजावून सांगावा लागत नाही. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या वजनकाट्यावर काय होते, हे सहावीतल्या मुलालाही ठाऊक असते. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होते. ऊस उतरवून रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते आणि दोन वजनांतील फरक शेतकऱ्याच्या नावावर लागतो. अशा सर्व खेपांची बेरीज होऊन बिल निघते. हीच बेरीज संगणकाकडून करून घे, असे याच मुलाला सांगितले की ते अडते. ते नेमके कोठे अडते हे पाहिले, तर नवी संगणकभाषा सोपी कशी करावी या प्रश्नाचे उत्तर बरेचसे हाती लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग सुचवले असल्याने हा प्रश्न आता संगणकाच्या शिक्षकांपुरता राहिलेला नाही.

अडचण इंग्रजीची आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते निम्मेच खरे आहे. पायथॉन या भाषेत उत्तर पडद्यावर दाखवण्याच्या आज्ञेला ‘प्रिंट’ म्हणतात. ज्याला इंग्रजी चांगले येते तो मुलगा छपाईयंत्राकडे पाहू लागतो! हा शब्द जुन्या काळातून आला आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी ‘बेसिक’ ही सोपी भाषा तयार केली, तेव्हा उत्तर खरोखरच टेलिटाइपच्या कागदावर छापून येत असे. कागद गेला, शब्द उरला. तेव्हा शब्दाचा इंग्रजी अर्थ सांगून भागत नाही. संगणक त्या शब्दावर काय करतो, ते सांगावे लागते.

आता खेपांची बेरीज पाहू. आज्ञांचे शब्द सोयीसाठी मराठीत देत आहोत. पायथॉनमध्ये ते इंग्रजीच असतात. चलांची नावे मात्र २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरीतही चालतात.

एकूण = ०
प्रत्येक खेपेसाठी :
    निव्वळ = भरलेली − रिकामी
    एकूण = एकूण + निव्वळ
दाखव एकूण

चौथी ओळ वाचून गणितात हुशार असलेले मूलच आधी हरकत घेते, आणि ती योग्य असते. गणिताच्या तासाला आपण त्याला शिकवले आहे, की बरोबर या चिन्हाच्या दोन्ही बाजू समान असतात. मग एकूण हे एकूण अधिक चौदा यांच्याएवढे कसे असेल? संगणकभाषेत हे चिन्ह समानता सांगत नाही, आज्ञा देते: उजवीकडचा हिशेब आधी कर, येईल ते डावीकडच्या नावापुढे लिही. हा फरक पहिल्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत सांगावा. तो न सांगता पुढे गेल्यास मूल ओळी पाठ करते आणि ‘आपल्याला हे जमणारे नाही’ असे ठरवून मोकळे होते.

चलाला डब्याची उपमा देण्याची पद्धत आहे. आम्हाला ती फारशी पसंत नाही. डब्यात एकावर एक दोन वस्तू मावतात. चलात नवी किंमत आली की जुनी जाते. त्यापेक्षा पाटी बरी. पाटीवर नवे लिहायचे तर जुने पुसावे लागते. वर्गात तीन पाट्या घ्याव्यात, एकीवर ‘खेप’, दुसरीवर ‘निव्वळ’, तिसरीवर ‘एकूण’ असे नाव लिहावे आणि एकेका मुलाच्या हाती द्यावी. चौथ्या मुलाने आज्ञा एकेक करून मोठ्याने वाचाव्यात. समजा, तीन खेपांचे निव्वळ वजन १४, १६ आणि १५ टन भरले. ‘एकूण’ची पाटी ०, १४, ३०, ४५ अशी बदलत जाईल. पाटी धरणाऱ्या मुलाला हिशेबातला मधला ३० स्वतः पुसावा लागतो, तेव्हा संगणकाच्या आत काय चालते ते त्याला दिसते. त्यासाठी संगणक लागत नाही.

यानंतरचा खेळ अधिक महत्त्वाचा आहे. पहिली ओळ, म्हणजे ‘एकूण = ०’, चार जागा आत सरकवून ‘प्रत्येक खेपेसाठी’च्या पोटात टाकावी. पायथॉनमध्ये ओळ किती आत आहे यावरूनच ती कोणाच्या पोटात आहे हे ठरते. आता दर खेपेला पाटी पुसून शून्य होईल आणि शेवटी ४५ ऐवजी १५ टन दिसतील. संगणक कसलीही तक्रार करणार नाही, कारण भाषेचा एकही नियम मोडलेला नाही. शेतकऱ्याचा तीस टन ऊस मात्र हिशेबातून गेला. अशी चूक कोरी पाटी समोर ठेवून ‘प्रोग्रॅम लिही’ म्हटल्याने कळत नाही. आधी तयार प्रोग्रॅम वाचायला द्यावा, उत्तर काय येईल याचा अंदाज करायला लावावा, मग तो चालवून पाहावा, थोडा बदलावा, आणि स्वतः लिहिणे सर्वांत शेवटी. वाचन आधी, लेखन नंतर, हा क्रम मराठी शिकवताना आपण पाळतोच.

विरामचिन्हांचेही तसेच. पहिलीतल्या मुलाकडून आपण अर्धविराम मागत नाही. पण संगणकभाषा पहिल्या दिवसापासून कंस, अवतरणचिन्हे, स्वल्पविराम सर्व बिनचूक मागते. नेदरलँड्समधील फेलिएन हर्मान्स यांनी २०२० मध्ये ‘हेडी’ ही भाषा तयार केली, ती याच जागी वेगळी वाट धरते. हेडीच्या पहिल्या पायरीवर अवतरणचिन्हेसुद्धा लागत नाहीत. पायरीगणिक एकेक नियम वाढतो, आणि शेवटी मूल पायथॉनपाशी पोचते. तिच्या आज्ञा हिंदीसह अनेक भाषांत लिहिता येतात.

मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने दुसरी तोड काढली. तेथे पडद्यावर इंग्रजीच दिसते, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते, कारण पुढे नोकरीत पडदा इंग्रजीच असणार. त्यांचा एक नियम आम्हाला विशेष भावतो. पाठाची संहिता तज्ज्ञाने लिहिली, तरी विषयात अगदी नवख्या असलेल्या माणसाने ती वापरून पाहिल्याशिवाय ध्वनिमुद्रण होत नाही. तज्ज्ञाला स्वतःच्या पायरीखालच्या पायऱ्या दिसेनाशा झालेल्या असतात.

भाषा मुळातच अवघड असली तर? ‘रस्ट’चे उदाहरण बोलके आहे. ग्रेडन होर यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ मध्ये आली. मुरलेले प्रोग्रॅमरही तिच्यात अडखळतात ते ‘मालकी’च्या नियमापाशी. प्रत्येक माहितीला एकच मालक. इतरांनी ती उसनी घ्यावी. वाचण्यासाठी एकाच वेळी कितीही जणांना घेता येते, पण कोणी एक ती बदलत असेल तर तेवढा वेळ दुसऱ्या कोणालाही नाही. आपल्याकडे हे सातबाराच्या उताऱ्यावरून सांगता येईल. उतारा गावातल्या सर्वांनी एकदम पाहिला तरी बिघडत नाही. फेरफाराची नोंद मात्र एकाच हाताने व्हावी. (फेरफार चालू असताना जुना उतारा मिळू शकतो. रस्टमध्ये तेही नाही. उपमा इथवरच चालते.) हा नियम कोणी सैल केला नाही, कारण भाषेचा भरवसा त्यावरच आहे. श्रम घेतले गेले ते चुकीच्या संदेशांवर. नियम मोडला की प्रोग्रॅम तयारच होत नाही. पण उसने कोठे घेतले, अडले कोठे, आणि पुष्कळदा काय बदलावे, हे संदेश ओळींवर बोट ठेवून सांगतो. वहीवर नुसती लाल फुली मारणे आणि समासात दोन ओळी लिहिणे यांत जो फरक, तोच येथे आहे.

पाट्यांचा खेळ जमल्यावर मुलांना आणखी एक काम द्यावे: दिवसभरातील खेपांचे सरासरी वजन काढणे. त्यासाठी ‘खेपांची संख्या’ ही चौथी पाटी लागेल, आणि ती दर खेपेला एकाने वाढवायची, हे मुले स्वतःच सुचवतील. मग विचारावे, ज्या दिवशी पाऊस पडून एकही गाडी आली नाही, त्या दिवशी सरासरी किती? बहुतेक हात ‘शून्य’ म्हणून वर होतील. त्यांना पाट्या घेऊन आज्ञा एकेक करून पाळायला सांगावे. शून्याला शून्याने भागायची वेळ आली की पाटीवाला थांबेल. पायथॉनही त्याच ओळीवर थांबतो.