लेकराचा गुडघा ‘मुरगळला’ म्हणण्याआधी

सायकलवरून पडलेलं दहा-अकरा वर्षांचं लेकरू गुडघा धरून बसलं, की नांदेड-लातूरकडच्या घरांत पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘काही नाही, मुरगळलंय. कवळं हाड हाय, मोडत नसतंय.’ मग हळद-चुन्याचा लेप, कोमट तेलाने चोळणं, आणि दोन दिवसांत सूज उतरली नाही तर पंचक्रोशीतला हाडवैद्य. आईबापांच्या मायेत काही कमी नसते. पण सुरुवातच चुकीच्या समजुतीने होते आणि त्याची किंमत पोराचा पाय मोजतो.

कवळं हाड मोडत नाही, हे अर्धं खरं आहे. वाळलेली तुराटी कट्कन मोडते. ओली वाकते, एका बाजूने चिरते, पण दोन तुकडे होत नाहीत. मुलांच्या हाडाचा मधला दांडा असाच वागतो, शिवाय त्यावरचं आवरण जाड असल्याने तुकडे झालेच तरी ते जागेवर धरले जातात. गुडघ्याजवळ मात्र गोष्ट वेगळी आहे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी आणि नडगीच्या वरच्या टोकाशी कूर्चेचा एक पातळ थर असतो, त्याला ‘ग्रोथ प्लेट’ म्हणजे वाढीची चकती म्हणतात. उंची वाढते ती इथे. मुलींमध्ये साधारण चौदाव्या आणि मुलांमध्ये सोळाव्या वर्षाच्या सुमारास ती हाडात रूपांतरित होऊन मिटते. तोपर्यंत गुडघ्याभोवतीची सगळ्यात कमजोर जागा हीच. सांधा बांधून ठेवणारे अस्थिबंध तिच्यापेक्षा मजबूत असतात. त्यामुळे कबड्डीत पाय पिरगळला तर मोठ्या माणसाचा अस्थिबंध ताणतो किंवा तुटतो, पण तोच झटका बारा वर्षांच्या मुलाला बसला तर चकती सरकू शकते. मोठ्यांच्या बाबतीत ‘मुरगळलं’ हा अंदाज पुष्कळदा बरोबर निघतो. लहान मुलात मात्र आधी फ्रॅक्चर नाही याची खात्री करावी लागते आणि मगच मुरगळ म्हणायची.

या चकतीवर एवढा भर का, ते आकड्यांतून कळतं. मांडीच्या हाडाची जवळपास 70 टक्के लांबी त्याच्या खालच्या चकतीतून येते, वर्षाला सुमारे 9 मिलिमीटर. नडगीची वरची चकती वर्षाला साधारण 6 मिलिमीटर भर घालते. दहा वर्षांच्या मुलाची मांडीच्या हाडाची चकती इजेमुळे पूर्ण बंद पडली, तर उरलेल्या सहा वर्षांत तो पाय पाच सेंटिमीटरहून जास्त आखूड राहू शकतो. अर्धीच बंद पडली तर एक बाजू वाढते, दुसरी अडते आणि गुडघा वाकडा होतो. रॉबर्ट सॉल्टर आणि हॅरिस या टोरांटोच्या दोन डॉक्टरांनी 1963 मध्ये चकतीच्या इजांचे पाच प्रकार मांडले. आजही हाडांचे डॉक्टर केसपेपरवर ‘सॉल्टर-हॅरिस टू’ असं लिहितात, ते हेच.

‘बोटं हलतात, म्हणजे मोडलेलं नाही’ हा समज तर घरोघरी ऐकू येतो. बोटं हलवणारे स्नायू आणि मज्जातंतू गुडघ्यातल्या फ्रॅक्चरनंतरही शाबूत असू शकतात, त्यामुळे बोटं हलली म्हणून काहीच सिद्ध होत नाही. पाहायचंच असेल तर हे पाहा: पाचच्या पुढचं मूल दुखऱ्या पायावर भार देत चार पावलं टाकू शकतं का? गुडघा काटकोनात वाकतो का? पलंगावर झोपवून पाय सरळ ठेवून टाच उचलायला सांगितली तर उचलते का? टाच उचलता येत नसेल, तर गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकाची कूर्चा हाडाच्या पापुद्र्यासकट सुटून आलेली असू शकते. आठ ते बारा वयात ही इजा होते आणि एक्स-रेवर पापुद्रा इतका बारीक दिसतो की नजरेतून निसटतो. सूज किती वेळात आली, तेही लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्त साठल्याची शक्यता मोठी. सायकलवरून पडल्यावर नडगीच्या डोक्यावरचं हाडाचं छोटं टोक अस्थिबंधासह उपटून येतं, तेव्हा गुडघा असाच फुगतो.

एक्स-रेचंही तसंच. ‘फोटोत काही नाही’ म्हटलं की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण कूर्चा एक्स-रेवर दिसत नाही. चकती किंचित सरकून परत जागेवर बसली, तर चित्र साफ दिसतं आणि इजा मात्र असते. हाडावर, चकतीच्या नेमक्या पातळीवर बोट दाबल्यावर मूल कळवळत असेल, तर चांगला डॉक्टर फोटो साफ असूनही पाय आधारात बांधतो आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा बोलावतो. उलटही घडतं. वाटी जन्मतः कूर्चेची असते, तिसऱ्या ते सहाव्या वर्षात तिच्यात हाड धरू लागतं. काही मुलांत तिचे दोन भाग न जुळताच राहतात आणि ती फट पाहून कुणी फ्रॅक्चर समजतं. अशा वेळी दुसऱ्या गुडघ्याचा फोटो शेजारी ठेवला की बराच उलगडा होतो.

आता हाडवैद्याबद्दल स्पष्टच लिहितो. ग्रामीण भागात दवाखाना लांब आणि हा माणूस ओळखीचा, म्हणून लोक त्याच्याकडे जातात. ते समजण्यासारखं आहे. पण मुलाच्या गुडघ्याच्या बाबतीत दोन धोके खरोखर मोठे आहेत. गुडघ्यामागून जाणारी मुख्य रक्तवाहिनी नडगीच्या वरच्या टोकाला अगदी चिकटून असते. तिथलं हाड मागे सरकलं असेल आणि त्यावर कांबट्या घट्ट आवळल्या, तर पायाचा रक्तपुरवठा काही तासांत धोक्यात येतो. पाऊल गार पडणं, पांढुरकं दिसणं, बोटं नुसती ताणली तरी असह्य कळ येणं, ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहायची नाही, 108 ला फोन करायचा. दुसरा धोका वेळेचा. चकतीची इजा फार लवकर जुळते. दहा-बारा दिवस चोळण्यात गेले, की वाकडं जुळू लागलेलं हाड पुन्हा जोराने बसवणं चकतीलाच मारक ठरतं. मोठ्यांच्या बाबतीत डॉक्टर जे दुरुस्त करू शकले असते, ते इथे तसंच सोडून द्यावं लागतं.

गुडघ्याखाली टणक उंचवटा आला की ‘गाठ झाली’ म्हणून घर हादरतं. खेळणाऱ्या दहा ते पंधरा वयाच्या मुलांत तो बहुधा ऑसगुड-श्लॅटर नावाचा विकार असतो. 1903 मध्ये दोन डॉक्टरांनी तो स्वतंत्रपणे वर्णिला, आणि वाढ संपली की तो बहुतेकदा शांत होतो. मात्र दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल किंवा खेळाशी संबंध नसताना सूज वाढत असेल, तर थांबू नका. नुसता गुडघा दुखतो पण गुडघ्यात काहीच सापडत नाही, तेव्हा खुबाही तपासून घ्या. खुब्याच्या विकारात मुलं गुडघ्याकडेच बोट दाखवतात.

सगळा दोष कॅल्शियमचा, हेही खरं नाही. धडधाकट हाडाची चकतीही जोराच्या झटक्याने सरकते. तरीही आपल्या भागातल्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. किनवट भागात विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे. लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या बरंच वर फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेलं तर हाडं एक्स-रेवर दाट दिसतात, पण ठिसूळ होतात आणि लहानपणीच गुडघे आत वळू शकतात. लातूरच्या क्लासेसमध्ये पहाटेपासून रात्रीपर्यंत छताखाली बसणाऱ्या मुलांना ऊन मिळत नाही, आणि उन्हाशिवाय ड जीवनसत्त्वाची कमतरता नुसत्या दुधाने भरून निघत नाही.

शेवटचा समज सगळ्यात महागात पडतो: ‘प्लास्टर निघालं, आता काय?’ मांडीच्या खालच्या चकतीच्या इजेनंतर जवळपास निम्म्या मुलांत वाढीत काही ना काही फरक पडलेला आढळतो आणि तो सहा महिने-वर्षाने उघड होतो. नांदेडचं विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालय असो की लातूरची विलासराव देशमुख संस्था, दाखवायला जाताना पहिल्या दिवशीचे फोटो सोबत न्या. दोन्ही पायांची लांबी मोजून घ्या. निदान दोन वर्षं, आणि मूल लहान असेल तर वाढ पुरी होईपर्यंत, सहा-सहा महिन्यांनी ही तपासणी चालू ठेवा. चकती अडल्याचं वेळेत कळलं, तर चांगल्या पायाची वाढ रोखून किंवा अडलेला भाग काढून दोन्ही पाय बरोबरीला आणता येतात.